उजव्या खिडकीतली फाइल

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तासगावातले बांगड्यांचे दुकानदार मनोहर वेळापुरे विजेचा धक्का बसून गेले. वय एकाहत्तर. दुकानाच्या मागच्या खोलीत मीटरचा बोर्ड उघडा होता, वायरमन दुपारी यायचा होता. खालची फरशी नुकतीच पुसलेली होती. पत्नी शालन चहा घेऊन आत गेल्या तेव्हा ते बोर्डाखाली पडलेले होते.

त्याच दिवशी दुपारी पावणेदोनला, मिरजेच्या कंपवात केंद्रात, त्यांच्या फाइलमध्ये एक नवी ओळ उमटली.

"चिमूट. जोर कमी. परिणाम चांगला."

तिथली तंत्रज्ञ आश्लेषा मगदूम ती फाइल बंद करायलाच बसली होती. पेशंट गेला की फाइल त्याच दिवशी बंद करायची आणि वारसाची सही घेऊन मोहोरबंद करायची, असा नियम होता. वेळापुऱ्यांच्या कॉलरबोनखाली बसवलेलं काड्यापेटीएवढं यंत्र शवविच्छेदनाच्या वेळी काढून घेतलं होतं, कारण चितेत बॅटरी फुटते. ते आता तिच्या टेबलावर प्लास्टिकच्या पाकिटात पडलं होतं. बॅटरी काढलेली. तारा कापलेल्या.

उशिरा पोचलेला निरोप असेल, असं तिला आधी वाटलं. नेटवर्क गेलं की यंत्राच्या ओळी अडकून राहतात आणि नंतर एकदम येतात. तिनं ओळीच्या मागची वेळ पाहिली. वेळ आत्ताची होती.

दुसरी ओळ आली. मग तिसरी.

तिनं पाकीट उचलून बघितलं, जणू आतून कुणी काही करत असावं. मग पडद्याच्या कोपऱ्यात लक्ष गेलं. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "जोड चालू". त्यापुढे जोडीतल्या दुसऱ्या फाइलचा क्रमांक होता. तो क्रमांक कुणाचा हे तिला शोधावं लागलं नाही. तिनं फोन उचलला आणि घरी लावला.

"अप्पा, आत्ता काय करताय?"

"काय करणार? शेंगा फोडतोय," तिचे वडील म्हणाले. "तुझी आई म्हणती, हात चालतोय तर चालव. कूट करायचंय तिला."

"फोडा. फोन ठेवू नका."

"ऑफिसात बसून शेंगांचा आवाज ऐकतीस? पगार ह्याचाच देतात व्हय गं?"

फोनमधून टरफल फुटल्याचा आवाज आला. वेळापुऱ्यांच्या फाइलमध्ये ओळ उमटली. पुन्हा टरफल फुटलं. पुन्हा ओळ. आश्लेषानं सहा शेंगा मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं.

*

कंपवातात हात थरथरतो हे लोकांना दिसतं. हात अडकतो हे घरच्यांना दिसतं. चाळीस-पन्नास वर्षं रोज केलेली हालचाल मेंदूच्या तळाशी मुरून बसते. घास मोडणं, गुंडी लावणं, कुलूप काढणं ही कामं करताना माणूस विचार करत नाही, सवय काम करते. या आजारात सवयीच्या त्या खोलीचं दार गंजतं. डोक्यात दोन्ही बाजूंना बसवलेल्या केसाएवढ्या तारा ते दार बाहेरून ढकलतात. कुठल्या क्षणी, किती जोरानं आणि किती वेळ ढकलायचं याचे नियम असतात. यंत्र दर वेळी काय झालं ते कळवतं, आणि त्यावरून नियम सुधारत जातात.

पूर्वी हे नियम यंत्राच्या पोटातच असत. त्यातून काही प्रकरणं झाली आणि कायदा आला, की माणसाच्या मेंदूत जाणारा प्रत्येक नियम माणसाला वाचता येईल अशा साध्या मजकुरात असला पाहिजे. त्या दिवसापासून मेंदूचं काम टेक्स्ट एडिटरमध्ये आलं. मिरजेच्या केंद्रात जो एडिटर होता त्याचं नाव 'पाटी'.

प्रत्येक पेशंटच्या दोन फाइली. मेंदूच्या डाव्या बाजूची एक, ती उजवा हात चालवते. उजव्या बाजूची दुसरी, ती डावा हात चालवते. पाटीत पडद्याचे दोन भाग करून डाव्या खिडकीत डावी फाइल आणि उजव्या खिडकीत उजवी फाइल उघडायची, आणि 'जोड' ही आज्ञा द्यायची. पायजम्याची नाडी एका हातानं बांधता येत नाही. एका हातानं शिकलेलं दुसऱ्याला कळावं लागतं. जोड दिली की एका फाइलमध्ये उमटलेली कामाची ओळ दुसरीतही उमटते, आणि यंत्र ती खरी मानून चालतं. जोडलेल्या फाइली केंद्राच्या संगणकावर रात्रंदिवस उघड्याच राहतात.

एका वेळी आठ-दहा फाइली उघड्या असणं ही त्या खोलीतली रोजची गोष्ट होती. एक पेशंट तपासणीच्या खुर्चीत, दुसरा चालण्याच्या पट्टीवर, तिसरा बाहेर चहा पीत. खिडक्यांवर नाव नसे, क्रमांक असे. आणि क्रमांक कुणी वाचत नसे. डावीकडची डावी, उजवीकडची उजवी, जागेवरूनच कळायचं. दोन वर्षं रोज हेच करणारा माणूस स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची नावं वाचत नाही, तसंच.

पण जोड नावांची होत नसे. समोर असतील त्या खिडक्यांची होत असे.

आश्लेषाला तो दिवस आठवला. उन्हाळा संपत आला होता. खुर्चीत वेळापुरे होते, त्यांच्या दोन्ही फाइली समोर. एवढ्यात अप्पा आले. बाळगोंडा मगदूम, वीज कंपनीतून निवृत्त झालेले लाइनमन. त्यांनी आयुष्यात कधी अपॉइंटमेंट घेतली नव्हती. बियाणं घ्यायला मिरजेत आले होते आणि पाच मिनिटांत हात बघ म्हणत होते. घरच्या माणसाची फाइल हाताळू नये असा नियम होता, आणि तो पाळणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. वेळापुरेच म्हणाले, "आधी वडलांचं बघ बाई, मला कुठं गाडी गाठायचीय?" तिनं डाव्या खिडकीत अप्पांची डावी फाइल उघडली. उजव्या खिडकीत उजवी फाइल होतीच. तिनं जोड दिली.

उजवीकडची फाइल उजवीच होती. फक्त ती वेळापुऱ्यांची होती. त्यांचं काम नंतर आटोपताना त्यांच्या डाव्या फाइलची जोड लागली नाही, आणि ती चूक तिनं नेटवर्कच्या माथी मारली.

*

संध्याकाळी घरी गेली तेव्हा अप्पा पाटावर बसून जेवत होते. उजव्या हातानं भाकरी मोडत होते, आमटीत बुडवत होते, एक थेंब सांडत नव्हता. चार वर्षांत हे पहिल्यांदा या उन्हाळ्यानंतरच घडायला लागलं होतं. गावात येईल-जाईल त्याला आई सांगायची, पोरीनं बापाचा हात परत आणला.

आश्लेषाच्या खिशातल्या फोनवर तासगावच्या सरकारी डॉक्टरांचा निरोप होता. यंत्राविषयी केंद्राला कळवायचं म्हणून त्यांनी अहवाल पाठवला होता. त्यातलं एक वाक्य तिनं गाडीत पुन्हा पुन्हा वाचलं होतं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पाठीवर भाजल्याची खूण.

"अप्पा, एक विचारू? लाइनवर असताना वायरीत करंट आहे की नाही ते कसं बघायचा?"

"टेस्टर असतोय की."

"टेस्टर नसेल तर?"

अप्पा हसले. "तर काय, असं." त्यांनी उजवा हात उचलला, तळवा स्वतःकडे केला आणि मधल्या बोटाची पाठ हवेत कशाला तरी टेकवल्यासारखी केली. "उलट्या बोटानं शिवायचं. सुलट्या हातानं शिवलं तर मूठ आवळती आन माणूस चिकटतो. उलटं शिवलं की हात मागं उडतो, पायाखाली कोरडं असंल तर. साहेब लोक शिव्या घालायचे. पर सवय ती सवय. रिटायर झाल्यावरपण मी दाराच्या कडीला तसाच शिवायचो, तुझी आई चिडायची."

"वेडाच्या भरात," आई आतून म्हणाली.

आश्लेषाला वेळापुऱ्यांची मागच्या महिन्यातली तपासणी आठवली. ते खुर्चीत बसून स्वतःचा डावा हात तिला दाखवत होते, खोडकर नातवाची तक्रार करावी तसा. "हा हल्ली पोरकट झालाय बाई. नळाला, खिळ्याला, कडीला, काय दिसेल त्याला पाठीकडनं शिवून बघतो. गिऱ्हाईक हसतं." तीही हसली होती. तिनं शेऱ्यात लिहिलं होतं, किरकोळ चाळा, दखल नको.

शेजारी जेवायला बसलेल्या तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. अप्पांनी पाणी पुढे केलं आणि तिचा हात धरला.

अप्पांनी तिचा हात शेवटचा कधी धरला होता हे तिला आठवत नव्हतं. तसला तो माणूसच नव्हता. विजेच्या खांबावर चढणारा, माया करायची झाली तर बाजारातून पेरू आणून न बोलता पोरीच्या दप्तरात टाकणारा. आता त्यांच्या उजव्या हाताची बोटं तिच्या बोटांच्या पेरांवरून फिरली, त्यांनी चारही पेरं अलगद एकमेकांवर गोळा केली, अंगठ्यानं तळव्याचा उंचवटा आत दाबला, आणि तिचा हात बघता बघता अरुंद, लांबट, कळीसारखा झाला. सफाई अशी होती की दुखलं नाही. जत्रेत बांगड्या भरताना कासार हात धरतो, हुबेहूब तसा.

"हे कशाला करताय?" तिनं विचारलं.

अप्पांनी हाताकडे पाहिलं. "काय की गं," ते गोंधळून म्हणाले. "हल्ली मऊ काय हातात आलं की असं होतंय. तुझ्या आईनं परवा फटकारलं मला."

आश्लेषानं हात सोडवून घेतला आणि जे झालं ते सगळं तिथंच सांगितलं. आई आतून बाहेर आली आणि उंबऱ्यावरच बसली. अप्पांनी उजवा हात मांडीवर ठेवला, त्याच्यावर डावा ठेवला, आणि अनोळखी कुत्रं जवळ यावं तसे ते त्या हातापासून थोडे मागे सरकले.

"म्हणजे," ते म्हणाले, "त्यो माणूस माझ्या सवयीनं मेला."

*

केंद्राचे प्रमुख डॉ. इनामदार यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं म्हणणं उभ्यानंच ऐकलं. मग खुर्चीत बसले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू बंद केलीस का फाइल?"

"नाही सर."

"करू नकोस. शवविच्छेदन झालंय, पोलिसांत नोंद आहे. आज आपण जोड सोडली तर उद्या म्हणतील, पुरावा पुसला. आधी कळवायचं, मग हात लावायचा."

"आणि अप्पा?"

"अप्पांचं काय होईल ते मला माहीत नाही," इनामदार म्हणाले. "तुलाही माहीत नाही. दोन महिन्यांहून जास्त त्यांची डावी बाजू दुसऱ्याच्या उजव्या बाजूकडून शिकतेय. एकदम सोडली तर हात पूर्वीसारखा होईल, की पूर्वीहून वाईट, हे जगात कुणी करून पाहिलेलं नाही."

"म्हणजे उघडी ठेवायची? मेलेल्या माणसाची फाइल?"

"मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, क्रम पाळ." त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला. "वारसाची संमती लागेल. वेळापुऱ्यांच्या बायकोकडे कोण जाणार?"

"मी जाते."

"वकील घेऊन जा."

"वकील घेऊन कुणी माणूस गेल्याच्या घरी जातं का सर?"

इनामदारांनी चष्मा पुन्हा चढवला. "नोकरी जाईल तुझी, कळतंय ना?"

"कळतंय."

"माझीही," ते म्हणाले आणि चेहरा खिडकीकडे वळवला.

*

तासगावला ती तिसऱ्या दिवशी गेली. अप्पांनी चप्पल घातली तेव्हा तिनं नको म्हटलं, पण ते गाडीत जाऊन बसले होते.

शालन वेळापुरे दुकानाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. बोर्डाला आता झाकण होतं. भिंतीशी बांगड्यांच्या पेट्या रचलेल्या. धाकटी बहीण शेजारी होती. शालनताईंच्या हातात अजून बांगड्या होत्या, हिरव्या, दोन्ही हातांत भरगच्च. आश्लेषाची नजर तिकडे गेल्याचं त्यांनी पाहिलं.

"जावा म्हणाल्या काढ," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, मी माझ्या हातानं कधी घातल्या नाहीत, मी माझ्या हातानं काढणार नाही. लग्न झाल्यापासून एक बांगडी दुसऱ्यानं भरलेली नाही मला. बोला तुम्ही."

आश्लेषानं सांगितलं. मध्ये कुठं थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. फाइल, खिडक्या, जोड, उलटं बोट. 'किरकोळ चाळा' हे शब्दही तिनं सांगितले. बहिणीनं तोंडाला पदर लावला. शालनताई ऐकत राहिल्या.

"परत सांगा," शेवटी त्या म्हणाल्या. "साध्या भाषेत. तुमच्या वडलांचा हात माझ्या नवऱ्याला घेऊन गेला. आणि माझ्या नवऱ्याचा हात तुमच्या वडलांना जेवू घालतोय. असंच ना?"

"हो काकू."

"हे वडील?"

"व्हय वैनी," अप्पा म्हणाले. ते दाराशीच उभे होते.

"इकडं या. बसा." त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. "बघू."

"आक्का, काय करतीस?" बहीण ओरडली.

अप्पांनी आश्लेषाकडे पाहिलं. ते बसले, हात पुढे न्यायला तयार नव्हते. पण हात पुढे गेला. बोटं शालनताईंच्या पेरांवरून फिरली, पेरं गोळा झाली, अंगठा तळव्यात दबला. मनगटावरची सगळ्यात पुढची बांगडी सुळकन पेरांपर्यंत सरकली. शालनताईंनी झटकन हात मागे ओढला. बांगडी पुन्हा मनगटावर जाऊन किणकिणली.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी अप्पांच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

"दाब त्यांचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण ते डाव्या हातानं धरायचे. उजव्यात बांगडी असायची. हा उजवा आहे. हे ते नव्हेत."

"मग सही..." आश्लेषानं कागद काढला.

"सही नाही." आवाज पहिल्यांदाच चढला. "झाकायलाही नाही आणि उघडी ठेवायलाही नाही. माझ्या सहीवर तुम्हाला मोकळं व्हायचंय? एक सांगा मला. ही अशी गाठ तुम्ही एकदाच मारलीत कशावरून? तुमच्या त्या खोलीत रोज किती माणसं येतात? त्यांचे हात कुणाकुणाच्या गळ्यात बांधलेत तुम्ही? ते बघा. एकेक नाव बघा. मग माझ्या दारात या."

आश्लेषानं कागद परत पर्समध्ये ठेवला. हा प्रश्न तिला दोन दिवसांत एकदाही सुचला नव्हता. तिला फक्त स्वतःचा बाप सुचला होता.

परतीच्या वाटेवर कवठे फाट्याच्या पुढे अप्पा म्हणाले, "माझी फाइल माझ्या मालकीची हाय न्हवं?"

"हो."

"मग माझी सोड. तिकडची तशीच राहू दे, पुरावा म्हणून. माझ्या बाजूनं गाठ सुटती का?"

"सुटते. पण अप्पा, हात जाईल कदाचित."

"जाऊ दे."

"तुम्हाला चमच्यानं भरवावं लागेल. आईला."

"चाळीस वर्षं मी तिच्या हातचं खाल्लंय. तेवढं चालंल." ते बाहेर ऊस बघत होते. "ती बाई बघत हुती ना माझ्याकडं, आशू, तेव्हा मला पळून जावं वाटलं. पर हात तिथंच हुता."

*

शुक्रवारी दुपारी केंद्रात, इनामदार आणि दोन साक्षीदारांसमोर, अप्पांना पलंगावर झोपवून त्यांच्या बाजूची जोड सोडली. पोलिसांना आधी कळवलं होतं, वेळापुऱ्यांच्या फाइलची प्रत त्यांना दिली होती. आश्लेषाला आज्ञा द्यायला मनाई होती. इनामदारांनी स्वतः दिली.

पहिल्या क्षणी काही झालं नाही. मग अप्पांचा उजवा हात, जो पलंगाच्या कडेच्या दांडीवर होता, तो दांडीभोवती आवळला. नखं पांढरी पडली. दोघांना ती बोटं सोडवता आली नाहीत. अप्पा दात चावून म्हणत होते, "दुखत न्हाई, पर ऐकत न्हाई." तास होत आला तेव्हा पकड आपोआप सुटली आणि हात ओल्या फडक्यासारखा पडला. मग तो थरथरू लागला. जुनीच थरथर, चार वर्षांपूर्वीची. उशाशी बसलेल्या आईनं तो हात पदराखाली घेतला.

इनामदारांनी नोंद लिहिली. जोड सोडताना हातात जे असेल त्यावर हात आवळतो. पेशंट झोपलेला असावा, हात रिकामा असावा, शेजारी जाणता माणूस असावा. त्याशिवाय कुठलीही जोड सोडू नये.

'कुठलीही' हा शब्द त्यांनी मुद्दाम लिहिला होता, कारण तोवर बाकीच्या जोड्या तपासायला सुरुवात झाली होती. पाटीच्या नोंदीत नावं नव्हती, खिडक्या आणि फाइलींचे क्रमांक होते. अमुक दिवशी, अमुक वेळी डाव्या खिडकीत काय होतं आणि उजव्या खिडकीत काय, हे एकेक लावून बघावं लागत होतं. खोलीतल्या तिन्ही तंत्रज्ञांनी ते केलं. आश्लेषाला निलंबनाचा कागद मिळाला होता. तो पर्समध्ये ठेवून तीही बसली, आणि तिला कुणी उठवलं नाही.

शनिवारी सकाळपर्यंत सात जोड्या सापडल्या. डावी एकाची, उजवी दुसऱ्याची. सातपैकी तीन आश्लेषाच्या हातच्या. एक शिंपी आणि एक निवृत्त मास्तर. एक रिक्षावाला आणि एक भटजी. ज्यांच्या जोड्या होत्या त्यांना फोन लावायला सुरुवात झाली. आडवे व्हा, हातात काही धरू नका, घरच्या कुणाला तरी फोन द्या. माणसं घाबरली, चिडली. त्या मास्तरांनी आधी शिव्या घातल्या आणि मग रडत विचारलं, म्हणजे मी हल्ली अंगठ्यानं कापड मोजतो ते त्यामुळे होय?

सातवी जोडी सगळ्यात शेवटी लागली. डावी फाइल बापू लेंगरे यांची. तालमीत आयुष्य घातलेला जुना पैलवान, आखाड्यात त्याच्या मनगटाच्या पकडीला पंचक्रोशीत तोड नव्हती. उजवी फाइल इंदूताई बाबर यांची, राहणार विट्याजवळची वस्ती. म्हणजे पैलवानाचा उजवा हात आणि इंदूताईंचा डावा.

आश्लेषानं इंदूताईंची मागची तपासणी उघडली. शेरा तिनंच लिहिला होता, आनंदानं, उद्गारचिन्हासह. मुलगी बाळंतपणाला आली आहे, आता नातवाला अंघोळ स्वतः घालता येते!

"सर," ती म्हणाली. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

इंदूताईंचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मुलीचा लागला. ती स्वतःच्या तपासणीसाठी विट्याला निघाली होती, एसटीत बसली होती. "आई ना? ती घरीच आहे. बाळाला अंघोळ घालत असेल आता. का हो? झालं काय?"

इनामदारांनी वस्तीच्या पोलीसपाटलांना फोन लावला. ते मोटरसायकलवर निघाले, फोन खिशात चालूच ठेवून. खोलीत फक्त मोटरसायकलचा आवाज येत होता. डाव्या खिडकीत पैलवानाची फाइल होती, उजव्या खिडकीत इंदूताईंची, खाली 'सोड' ही आज्ञा.

"सोडा सर," आश्लेषाच्या शेजारचा तंत्रज्ञ म्हणाला. "पैलवानाचा हात आहे तो. बाळ आहे मांडीवर."

"मांडीवर आहे म्हणूनच नको," ती म्हणाली. "आत्ता तिच्या हातात काय असेल? अप्पांच्या हातात दांडी होती."

"आणि नाही सोडली आणि काही झालं तर?"

इनामदारांनी तिच्याकडे पाहिलं. निलंबित तंत्रज्ञाला विचारायचा तो प्रश्न नव्हता, पण त्यांनी नजरेनंच तिला तो विचारला. आश्लेषाचं बोट आज्ञेच्या कळीवर होतं. ते तिथून हललंही नव्हतं आणि दाबलंही गेलं नव्हतं.

सव्वानऊला फोनमधून पोलीसपाटलांचा आवाज आला. घर उघडं आहे. मोरीचं दार आतून लावलेलं आहे. आत पाणी पडतंय. तीन हाका मारल्या, ओ आलेली नाही.